खाणीवरचा बोजा

मंडळी, आपल्या खान्देशात कोळशाची खाण नाही. पण दीपनगरच्या वीज केंद्रातल्या संचांसाठी येणाऱ्या कोळशाच्या वाघिणी भुसावळकर रोज पाहतात. तो कोळसा जिथून निघतो तिथल्या जमिनीचं पुढे काय होतं? आणि खाण मधेच एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेली, तर जाब कोणाला विचारायचा?

1972-73 साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा आधीच्या काळातली देणी जुन्या मालकांचीच, सरकारची नाहीत, असं कायद्यानं ठरवलं. पैशाच्या देण्यापुरतं ते ठीक. पण झारखंडमधल्या झरिया या कोळसापट्ट्याची जमीन 1916 पासून आतून पेटलेली होती. मालक गेले, आग तिथेच राहिली आणि तिच्यावर राहणारी माणसंही.

पुढे 2014 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं कोळशाच्या 204 खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं. त्यात चालू खाणीही होत्या. आपल्या राज्यातली, भद्रावती तालुक्यातली बरांजची खाण त्यातलीच. ती बंद पडली, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात गावकरी पुनर्वसनासाठी दारं ठोठावत राहिले.

खाण बंद करताना जमीन सावरायची तर पैसा हवा. त्यासाठी 2009 पासून एस्क्रो खात्याची सोय आहे, म्हणजे पैसा मालकानं भरायचा, पण ठरलेल्या कामाशिवाय त्याला तो काढता येत नाही. खाणमालक, बँक आणि केंद्र सरकारचा कोळसा नियंत्रक यांच्यात करार होतो. उघड्या खाणीला तेव्हा हेक्टरी 6 लाख रुपये दर होता. नंतर तो वाढला. आता हिशेब पाहा, कारण खरी मेख इथे आहे. हजार हेक्टरची खाण, आयुष्य 30 वर्षं. त्या दरानं 60 कोटी; ते 30 वर्षांत वाटले की पहिल्या वर्षी 2 कोटी, मग त्या हप्त्यात दरवर्षी पाच टक्के वाढ. तीस वर्षांत भरायचे सुमारे 133 कोटी. पहिला मालक सात वर्षांनी गेला, तर खात्यात व्याज सोडून जेमतेम सव्वासोळा कोटी. आठवा हिस्साही नाही!

आणि नुकसान मात्र सुरुवातीलाच जास्त होतं. कोळसा काढून खड्डा रिकामा होईपर्यंत वरचा दगड-मुरूम टाकायला आत जागाच नसते, म्हणून तो सगळा बाहेर, शेताच्या अंगावर रचला जातो. वरची काळी माती वेगळी ठेवायची असते. ती नीट ठेवली नाही, ढिगाऱ्याखाली गाडली गेली, तर नव्या मालकानं शेवटी त्या ढिगावर काय पसरायचं? नुसत्या मुरमावर झाडं लावून फोटो निघतात, जमीन होत नाही.

तुमच्यातले शेतकरी शेत घेताना सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना आधी पाहतात. सोसायटीचं कर्ज असेल तर शेताबरोबर बोजाही आला, हे इथं कोणाला शिकवावं लागत नाही. खाणीचंही तसंच असावं, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत कोळसा खाणींच्या 1977 च्या कायद्याखाली नव्या चालकानं जमीन सावरण्याची आपली हमी भरल्याशिवाय जुन्याची हमी सुटत नाही. पण तिथेही बड्या कंपन्यांना रोख किंवा तारण न ठेवता नुसत्या स्वतःच्या आर्थिक भरवशावर हमी द्यायला मुभा होती आणि 2015-16 मध्ये त्यातल्या काही दिवाळखोरीत गेल्या. म्हणून हमी रोखीचीच हवी. हस्तांतराच्या दिवशी ग्रामसभेसमोर पंचनामा व्हावा: ढीग किती उंच, माती कुठे, खड्ड्यातलं पाणी कसं, खात्यात किती. तूट जुन्या मालकाकडून वसूल झाल्याशिवाय त्याला मोकळं करू नये.

हे आपल्यापासून दूरचं नाही. छत्तीसगडमधला गारे पालमा सेक्टर दोन हा पट्टा महानिर्मितीच्याच, म्हणजे दीपनगर चालवणाऱ्या राज्याच्या वीजकंपनीच्याच, नावावर आहे. तिथे खणणारा ठेकेदार वेगळा असला, तरी पट्टेदार आपली सरकारी कंपनी. वीजदराच्या जनसुनावणीत आपण युनिटचा भाव विचारतो. त्याच माईकवर विचारा, या खाणीच्या एस्क्रो खात्यात आजवर किती भरले आणि ठेकेदार बदलला तर ढिगाऱ्यांची जबाबदारी करारात कोणाच्या नावावर लिहिली आहे. उत्तर लेखी मागा.