चूक दिसते एकीकडे, असते दुसरीकडे

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ‘सर्व पातळ्यांवरील टेनिसपटूंना चांगल्या प्रशिक्षणाचा होणारा उपयोग’ असा जाहीर झाला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी अनेक वर्षे मनात घर करून बसलेला एक विचार मांडण्याची मुभा घेतो. माझे म्हणणे असे आहे की, उत्तम प्रशिक्षक फटका शिकवण्यापेक्षाही चुकीचे मूळ शोधून काढतो आणि ते मूळ, चूक जिथे डोळ्यांना दिसते तिथे सहसा नसते.

आपण सगळेच खेळणारे आहात. चेंडू जाळ्यात गेला की आपण रॅकेटकडे पाहतो. वास्तविक चेंडू रॅकेटच्या तारांवर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट एवढाच काळ टेकतो. तेवढ्या वेळात कोणालाही काही सुधारता येत नाही. जे बिघडायचे ते त्याआधीच, पाय उशिरा हलल्यामुळे, पकड चुकल्यामुळे किंवा प्रतिस्पर्ध्याचा फटका वेळेवर न ओळखल्यामुळे बिघडून गेलेले असते.

आता माझी तक्रार. मी ज्या केंद्रात लहानपणी शिकलो तिथे मुलांची लांबलचक रांग लागत असे. प्रशिक्षक चेंडूंची टोपली घेऊन जाळ्याजवळ उभे राहत, प्रत्येकाला हाताने दोन चेंडू टाकत आणि आम्ही ते मारून पुन्हा रांगेच्या शेवटी जात असू. चेंडू मारत असतानाच ‘कोपर वर, गुडघे वाकव, मनगट घट्ट, नजर चेंडूवर’ अशा चार सूचना एका दमात कानावर येत. त्यांपैकी एक पाळावी तर उरलेल्या तीन सुटत. ही पद्धत आजही अनेक ठिकाणी जशीच्या तशी चालू आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. तिथे मूल बराच वेळ नुसते उभे असते, आणि जो चेंडू मिळतो तो दरवेळी त्याच उंचीचा, त्याच वेगाचा असल्याने त्याला कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये हाताच्या हालचालींवर केलेला प्रयोग येथे आठवण्याजोगा आहे. एकच हालचाल सलग घोटणारे लोक सरावाच्या वेळी सरस दिसले. पण काही दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा सरमिसळ क्रमाने सराव केलेल्यांच्या लक्षात अधिक राहिलेले आढळले. रांगेतला सराव बाहेरून पाहणाऱ्या पालकांना इतका नीटनेटका का वाटतो आणि सामन्यात तो का उपयोगी पडत नाही, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

याउलट एक उदाहरण सांगतो, आणि ते मला फार प्रिय असल्यामुळे थोडे सविस्तर सांगणार आहे. माझ्या परिचयाचे एक मध्यमवयीन गृहस्थ आहेत. त्यांचा बॅकहँड वर्षानुवर्षे जाळ्यात जाई आणि जो तो त्यांना ‘रॅकेट खालून वर न्या’ असे सांगे. ते न्यायचेही, चेंडू तरीही जाळ्यातच. पुढे त्यांना एक प्रशिक्षिका लाभल्या. पहिल्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. कोर्टाच्या कडेला उभ्या राहून त्यांनी रॅकेटकडे न पाहता फक्त या गृहस्थांचे बूट पाहिले. समोरचा खेळाडू चेंडू मारी तेव्हा यांचे दोन्ही तळवे जमिनीला चिकटलेले असत. त्यामुळे पहिले पाऊल उशिरा पडे, चेंडू शरीराच्या फार जवळ येई आणि हात आखडून फटका बसे. बाईंनी एवढेच सांगितले, की समोरच्याची रॅकेट चेंडूला लागेल त्या क्षणी मोठ्याने ‘आता’ म्हणायचे आणि हलकी उडी घेऊन चवड्यांवर उतरायचे. खेळाडू हिला स्प्लिट स्टेप म्हणतात. बॅकहँडविषयी त्या अवाक्षरही बोलल्या नाहीत. काही आठवड्यांत तोच हात, तीच रॅकेट, आणि चेंडू जाळ्यावरून जाऊ लागला.

वेळ संपत आल्याची खूण संयोजक करीत आहेत, म्हणून जाहीर केलेला विषय आता भराभर सांगतो. लहान मुलांच्या बाबतीत चुकीचे मूळ पुष्कळदा मुलात नसून चेंडूत असते. 23.77 मीटर लांबीच्या कोर्टावर नेहमीचा चेंडू मुलाच्या डोक्यावरून उसळतो आणि त्याला गाठण्यासाठी मूल वेडीवाकडी पकड शिकते. म्हणूनच 2012 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांमध्ये लाल, नारिंगी आणि हिरवे असे संथ चेंडू बंधनकारक केले. सर्वांत संथ लाल चेंडू सुमारे 11 मीटरच्या छोट्या कोर्टावर खेळतात.

हौशी खेळाडूंची दुसरी सर्व्हिस दुबळी असते, कारण बहुतेक जण ती फोरहँडच्या पकडीनेच करतात. कॉन्टिनेंटल पकड, म्हणजे हातोडा धरावा तशी रॅकेट धरण्याची पद्धत, घेतल्याशिवाय चेंडूला नीट फिरकी देता येत नाही, आणि ही पकड पहिले काही दिवस इतकी परकी वाटते की धीर देणारे कोणी जवळ नसेल तर माणूस ती सोडून देतो.

अव्वल खेळाडूंचे काय, असे आपण विचाराल. अँडी मरे ग्रँड स्लॅमच्या तीन अंतिम सामन्यांत हरल्यानंतर 2012 च्या सुरुवातीस माजी खेळाडू इव्हान लेंडलकडे प्रशिक्षणासाठी गेला. त्या वर्षी विम्बल्डनची अंतिम फेरीही तो हरला. लेंडल स्वतः असेच पहिले चार अंतिम सामने हरून नंतर आठ ग्रँड स्लॅम जिंकलेला होता. मरेला फोरहँड कसा मारावा हे सांगणारे पुष्कळ होते. त्या पराभवांतून स्वतः गेलेला माणूस त्याला हवा होता, असे मला वाटते. त्याच वर्षी मरेने अमेरिकन ओपन जिंकली आणि पुढच्या वर्षी विम्बल्डन.

आपल्यापैकी कोणी स्वतःसाठी किंवा मुलांसाठी प्रशिक्षक शोधत असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी एक पूर्ण सत्र कडेला बसून पाहावे. प्रशिक्षक जाळ्याजवळची जागा सोडून खेळाडूच्या मागे, बाजूला जाऊन उभा राहतो का आणि एका वेळी किती सूचना देतो, एवढ्याकडे लक्ष द्यावे.