पाना हातात घेण्याआधी

[कोलशेत. घराची पडवी. चार चाकांची गाडी, हँडलला झेंडूचा हार.]

दसरा होऊन दोन दिवस झाले. झेंडू सुकायला लागलाय, पण हार अजून कुणी काढलेला नाही. पान्यांच्या पेटीवरचं हळदकुंकूही तसंच आहे. खंडेनवमीला या घरात कोयता, पकड, जॅक, सगळ्यांची पूजा होते. आजी सांगते, पूर्वी त्या जागी नांगर असायचा.

ठाण्याच्या कोलशेत खाडीपासून हाकेच्या अंतरावर ही एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची गाडी, पावसाळाभर उभी होती. रुंद टायर, त्यात हवा अगदी कमी, मोटरसायकलसारखं हँडल आणि घोड्यावर बसल्यासारखी बैठक. बहुतेक एटीव्ही रस्त्यावर चालवायला पास झालेल्या नसतात. म्हणून ही गाडी टेम्पोत चढते आणि मुरबाडजवळच्या माळावर उतरते. तिथे दादा शनिवार-रविवारी पर्यटकांना तिच्यावर फेऱ्या मारायला देतो. आळीत सगळे त्याला दादाच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

गेल्या मोसमात पुढून खडखड यायला लागली होती. तिकडे दुर्लक्ष झालं, एक पाहुणा वळणावर पडला, मनगटाला प्लास्टर बसलं. आता गाडी दुरुस्तीला द्यायची की आपणच खोलायची, हे दादाला ठरवायचंय.

[चाक हलवणारे हात. जवळून.]

हे ठरवायला अजून एकही नट सोडावा लागलेला नाही. दादाने पुढचा भाग जॅकने उचलला आणि लगेच चौकटीखाली लाकडी ठोकळे सरकवले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, हा त्याच्या वडिलांचा नियम. मग चाक वरून आणि खालून धरलं, घड्याळातल्या बारा आणि सहावर, आणि हलवलं. आवाज ऐका. टक. टक. त्याची धाकटी बहीण टॉर्च घेऊन आत बघतेय. चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, हलला तर बेअरिंग गेलेलं; ए-आर्मच्या, म्हणजे चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या आडव्या हाताच्या, टोकाचा गोळा हलला तर बॉल जॉइंट गेलेला. इथे गोळा हलतोय. त्याचा रबरी बूट फाटलाय, आत लाल चिखल वाळून बसलाय.

आता हात तीन आणि नऊवर. तसं हलवलं की टाय रॉडच्या, म्हणजे हँडलचं वळण चाकाला देणाऱ्या दांड्याच्या, टोकांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो. तो नाही. मग ए-आर्म चौकटीला जिथे जोडलाय तिथे लोखंडी पहार घालून हलकेच रेटलं. डावीकडच्या दोन्ही बुशांमध्ये, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या छोट्या नळकांड्यांमध्ये, प्ले. बुशाजवळ हा प्ले केसाएवढा दिसतो, चाकापाशी पोचेपर्यंत बोटभर होतो.

दहा मिनिटं लागली. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात देण्याआधी एवढं तरी प्रत्येक मालकाने करावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. काय बिघडलंय ते माहीत असेल तर समोरच्याला नेमकं विचारता येतं, आणि त्याने सांगितलेलं समजतं.

[शॉकअप. दांड्यावर तेलाचा ओघळ.]

राहिला शॉकअप. दादा पुढच्या भागावर सगळा भार टाकून गाडी दाबतो आणि सोडतो. चांगला शॉकअप एकदा वर येऊन स्थिरावतो. ही गाडी तीनदा वरखाली झाली. दांड्यावर तेल ओघळलंय, म्हणजे सील गेलंय.

आणि इथे दादा थांबला. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेतच बसवलेली असते. ती नीट दाबून धरणारं साधन नसेल तर सुटताना हात, तोंड, काहीही फोडू शकते. शिवाय या शॉकअपमध्ये तेलाच्या जोडीला दाबाने भरलेला नायट्रोजन आहे. तो घरात सोडता येत नाही आणि भरता तर येतच नाही. चार बोल्ट काढून शॉकअप अख्खा उतरवायचा, एवढंच घरचं काम. एक गळत होता तरी दोन्ही उतरवले, कारण दोन बाजूंची दाबशक्ती वेगळी झाली तर गाडी एका अंगाला ओढते. जोडी खोक्यात घालून बाहेर गेली आणि दहा दिवसांनी परत आली.

बुश आणि बॉल जॉइंट मात्र घरी. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत त्यांची आकृती आहे, प्रत्येक नट किती आवळायचा याचा आकडा आहे, आणि दादाकडे त्या आकड्यापर्यंतच आवळणारा टॉर्क पाना आहे. या तिन्हींपैकी एक नसतं तर हेही काम बाहेर गेलं असतं.

[गंजलेला बोल्ट.]

खाडीकाठची हवा लोखंडाला सोडत नाही. ए-आर्मचा हा एक बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटला होता. सकाळी गंजावरचा स्प्रे मारला, दुपारी पुन्हा मारला. पाना लावून पुढे जरासा, मागे जरासा. जोर लावून फिरवला असता तर आटे तरी गेले असते किंवा डोकं तरी तुटलं असतं. संध्याकाळी पाचला तो चर्रर्र करून सुटला. आजी दारातून विचारते, "झाला का रं?"

बॉल जॉइंट सोडवताना दादाचा हातोडीचा मार बघा. नट सैल करून आट्यांवरच ठेवलाय, पूर्ण काढलेला नाही. मार पडतोय तो जॉइंटच्या खालच्या दांड्यावर नाही, ज्या डोळ्यात, म्हणजे भोकात, तो दांडा घट्ट बसलाय त्याच्या कडेवर. दोन ठोके, आणि निमुळता दांडा आपसूक सुटला. दांड्यावरच ठोकलं असतं तर आटे चेपले असते.

[वागळे इस्टेट. लेथ.]

१९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली ती ठाण्यातल्या या वागळे इस्टेटपासून. मोठ्या कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात. पण त्यांच्यामधल्या गल्ल्यांत लेथ अजून फिरतायत, आणि आमच्या मते ठाण्याची खरी श्रीमंती तिथे आहे.

लेथवाले काका जुना बुश तळहातावर घेतात. व्हर्नियर लावतात. बाहेरून गोल, आतून लांबट: एका बाजूने १४ मिलिमीटर, दुसरीकडून १४.८. दादाने नायलॉनचा दांडा आणलाय. काका मान हलवतात. "नायलॉन पाणी पितं रे, पावसात फुगेल. डेलरिन लाव." कपाटाखालून डेलरिनचा, म्हणजे पाणी फारसं न पिणाऱ्या कडक प्लास्टिकचा, पांढरा दांडा निघतो. लेथ सुरू होतो, आणि हत्याराच्या टोकावरून पांढरी सळसळती फीत सुटायला लागते. काका फीत चिमट्याने बाजूला करतात, हाताने कधीच नाही. दर फेरीनंतर व्हर्नियर. शेवटची फेरी इतकी बारीक की फितीऐवजी भुगाच पडतो. कडेला हलका उतार दिला की बुश डोळ्यात वाकडा न शिरता सरळ बसतो.

बॉल जॉइंटही इथेच दाबून बसवला. तो ए-आर्मच्या कड्यात घट्ट बसतो, वर त्याला अडकवून ठेवणारी सर्क्लिप असते. घरी हातोडीने ठोकला तर कडंच वाकतं, म्हणून काकांचा प्रेस.

दुरुस्तीचा हक्क हा शब्द आता सरकार दरबारीही पोचलाय. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत शेतीची अवजारं आहेत, वाहनंही आहेत. पुस्तिका आणि सुटे भाग मालकाच्या हाती आले पाहिजेत, हे बरोबरच आहे. पण पुस्तिकेत न सापडणारा भाग बनवून देणारे हे काका टिकले पाहिजेत, तेही तितकंच निकडीचं आहे. दुकानात शिकाऊ पोरगा एकच आहे.

[पडवी. रात्र. बल्बच्या उजेडात जोडणी.]

ग्रीस आधी, बुश नंतर. नट पुस्तिकेतल्या आकड्याला, टॉर्क पाना टक् वाजेपर्यंत. नट सुटू न देणारी स्प्लिट पिन जुनी असेल तर ती पुन्हा वाकवायची नाही, नवीच घालायची. बहिणीने दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूची रेघ ओढली. हँडल सरळ धरून रेघांमधलं अंतर पुढून टेपने मोजलं, मग मागून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. टाय रॉड अर्धा आटा फिरवला, पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा जुळलं.

खोक्यातून शॉकअप निघाले. दांडे कोरडे, चकचकीत.

[चाक. तेच हात.]

बारा आणि सहा. बहिणीने चाक धरलंय, दादा टॉर्च घेऊन आत बघतोय. ती हलवते. पुन्हा हलवते. तीन आणि नऊ.

शनिवारी पहाटे टेम्पो येईल. माळावर पहिल्या दहा फेऱ्या दादा एकटाच मारणार, हळू, आणि मग सगळे नट पुन्हा तपासणार. त्यानंतर पाहुणे.