ढकलगाडीमागचा कायदा

सकाळचे सात वाजले आहेत. पुण्यातील एका इमारतीच्या जिन्याखाली ढकलगाडी लावून दोन महिला प्रत्येक मजल्यावरून कचऱ्याचे डबे खाली आणतात. ओला कचरा एका बादलीत रिकामा होतो. सुका मात्र त्या तिथेच हाताने निवडू लागतात. पुठ्ठा, वर्तमानपत्रांची रद्दी, काचेच्या बाटल्या, सारे वेगवेगळ्या पोत्यांत जाते. दुधाची पिशवी आतून धुतलेली आहे की नाही, हे त्यांच्या बोटांना लगेच कळते, कारण स्वच्छ आणि कोरड्या पिशवीला भंगाराच्या दुकानात चांगला भाव मिळतो. या दोघी महापालिकेच्या नोकरीत नाहीत, कोणा ठेकेदाराच्या मजूरही नाहीत. ज्या संस्थेच्या वतीने त्या हे काम करतात, तिच्या त्या सभासद आहेत, म्हणजेच मालक आहेत.

‘स्वच्छ’ सेवा सहकारी संस्था २००७ मध्ये नोंदवली गेली, पण तिची पाळेमुळे १९९३ सालात आहेत. त्या वर्षी डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या अध्यापिकांच्या साथीने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित महिला होत्या, आणि त्यांतील कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आली होती. दिवसभर उकिरड्यावर राबणाऱ्या या बायकांकडे शहर कामगार म्हणून पाहतच नव्हते. संघटनेची ओळखपत्रे महापालिकेने मान्य केली, तेव्हा त्यांच्या कष्टाला पहिल्यांदा सरकारी शिक्का मिळाला. हा शिक्का कागदाचाच होता, तरी रस्त्यात कोणी अडवल्यावर दाखवायला हातात काहीतरी असणे ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती.

पुढे २००० साली केंद्र सरकारचे घनकचरा नियम आले आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे महापालिकांवर बंधनकारक झाले. नियम चांगला होता, पण कचरावेचकांच्या दृष्टीने त्यात धोकाही होता. ठेकेदाराच्या गाडीने दारातूनच कचरा उचलून नेला, तर रस्त्यावरच्या कुंडीत भंगार उरणार नव्हते आणि त्यावर चालणारी चूल विझणार होती. म्हणून कचरावेचकांनी हेच दारातले काम स्वतः करण्याची तयारी दाखवली. मात्र मागण्या मांडणे आणि सेवा पुरवणे ही कामे वेगळी आहेत. दुसऱ्या कामासाठी करार करू शकणारी, हिशेब ठेवणारी आणि सभासदांची मालकी कायम राखणारी वेगळी संस्था हवी होती.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. सामाजिक हेतूने चालणाऱ्या उद्योगासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. असा उद्योग सुरू करणाऱ्याला दुसऱ्या कामासाठी बेतलेले कायदे वापरावे लागतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली कंपनी काढता येते, पण तिला सभासदांमध्ये लाभांश वाटता येत नाही. धर्मादाय न्यास स्थापता येतो, पण तेथे कारभार विश्वस्तांच्या हाती राहतो आणि ज्यांच्यासाठी तो चालतो ते लाभार्थीच राहतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये मात्र एका सभासदाला एकच मत आहे, मग त्याचे भाग कितीही असोत, आणि लाभांशावर साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे. साखर कारखान्यांमुळे आणि पतपेढ्यांमुळे महाराष्ट्राला ओळखीचा असलेला हा कायदा कचरावेचकांनी निवडला, ही निवड माझ्या मते फार विचारपूर्वक झालेली होती.

२००८ मध्ये महापालिकेशी करार झाला, आणि या साऱ्या व्यवस्थेचा कणा हा करारच आहे. घरे कचरावेचकाला दरमहा सेवाशुल्क देतात, विकण्याजोग्या भंगाराचे पैसेही तिलाच मिळतात, तर साधने आणि देखरेखीचा खर्च महापालिका उचलते. कचरा वाहून नेणाऱ्या ठेकेदाराला सहसा टनावर पैसे मिळतात, त्यामुळे डेपोवर जितका कचरा जाईल तितका त्याचा फायदा. उलट कचरावेचक जितके जास्त वेगळे करून विकते, तितके तिचे उत्पन्न वाढते आणि डेपोवरचा ढीग तेवढा कमी होतो. कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतील लोकांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षे जी आंदोलने केली, ती आठवली की या फरकाचे मोल समजते. आज संस्थेचे ३,००० हून अधिक सभासद शहरात हे काम करतात.

इतके असूनही मदतीच्या धोरणांत या संस्थेची जागा शोधू गेले तर ती बहुतेक ठिकाणी दाराबाहेरच सापडते. मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक जबाबदारीवर खर्च करावी लागते. पण ती कोणामार्फत करता येईल, या नियमांतील यादीत कलम ८ ची कंपनी, सार्वजनिक न्यास आणि नोंदणीकृत सोसायटी आहे, सहकारी संस्था नाही. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २५ टक्के वाटा राखलेला आहे, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिलांसाठी ३ टक्के आहे. पण ते धोरण केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांना लागू आहे. दलित महिलांची संस्था महापालिकेचे काम करत असेल, तर तिला त्याचा उपयोग नाही. शेअर बाजारांची नियामक संस्था सेबीने २०२२ मध्ये सामाजिक शेअर बाजाराचे, म्हणजे सामाजिक काम करणाऱ्या संस्थांना पैसा उभारता येईल अशा बाजाराचे, नियम करताना सामाजिक उद्योगाची व्याख्या केली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथे पहिल्या संस्थेचे रोखे सूचिबद्ध झाले. मुद्दल किंवा व्याज परत न देणारे ते रोखे विना-नफा संस्थांसाठी देणगीचा नवा मार्ग आहेत. रोजचे काम मिळवण्याचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

इटलीने १९९१ च्या कायदा क्रमांक ३८१ मध्ये हाच प्रश्न सरळ हाताळला. सामाजिक सहकारी संस्थांच्या एका प्रकारात किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतील असावे लागतात, आणि अशा संस्थेला ठरावीक रकमेपर्यंतचे काम सरकारी संस्था स्पर्धात्मक निविदेशिवाय देऊ शकतात. आपल्याकडे उलाढालीची अट आणि अनामत रक्कम यांवर उभी असलेली निविदाच अशा संस्थेच्या वाटेतला पहिला अडसर ठरते.

भारतातील २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकाची व्याख्या केली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, हे मोठे पाऊल होते. पण सामावून घ्यायचे म्हणजे किती वर्षांचा करार द्यायचा, हे त्या नियमांत नव्हते. पुण्यातील पहिला करार पाच वर्षांचा होता. त्यानंतर नूतनीकरण लांबले आणि मुदतवाढीवर काम सुरू राहिले, अशी वेळ एकाहून अधिक वेळा आली. ढकलगाड्या त्या काळातही सकाळी सातला इमारतींखाली उभ्या होत्या, आणि पुढच्या कराराची तारीख मात्र दर वेळी महापालिकेच्या दारात जाऊन मागावी लागत होती.