दिलगीर आहोत

[दृश्य: कुर्ला स्थानक, मुसळधार पाऊस, तुडुंब फलाट]

कुर्ला. रूळ पाण्याखाली, इंडिकेटर गोठलेला. वर पत्र्याखालच्या भोंग्यातून तोच रेकॉर्ड केलेला आवाज दिलगिरी व्यक्त करतोय. गाडी पाच मिनिटं उशिरा येणार असो की आज येणारच नसो, त्याचा सूर तसूभर हलत नाही. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघा.

[दृश्य: बुडालेले रूळ, लाल सिग्नल]

खरं तर सांगण्यासारखं बरंच असतं. सायन-कुर्ल्याचा पट्टा सखल. पावसाचा जोर आणि भरती एकाच वेळी आली की नाल्यांचं पाणी मिठी नदीत उतरत नाही, उलट मागे फिरतं. इकडे रुळांमधून सिग्नलसाठी हलका विद्युतप्रवाह खेळवलेला असतो. पाणी चढलं की तो या रुळातून त्या रुळात जातो. यंत्रणेला वाटतं पुढे गाडी उभी आहे, आणि सिग्नल लाल होतो. म्हणजे गाडी थांबवली जाते ती सावधगिरी म्हणून. चार वाक्यांचं काम. पण ती चार वाक्यं भोंग्यातून कधी येत नाहीत. लोकलचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या प्रवाशाला एवढं समजणार नाही, असं कुणी ठरवलं?

[दृश्य: जुनं चित्रण, रुळांवरून चालणारे लोक]

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. गाड्या जागच्या जागी, आणि ही माणसं पायी घराकडे.

[दृश्य: प्रभादेवीचा जिना]

हे तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड. २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. रुंद पुलाची मागणी जुनीच होती. लष्कराने बांधलेला नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ ला खुला झाला.

[दृश्य: लोकलचा शेवटचा डबा, गार्डची केबिन]

आता हा माइक. गार्डच्या, म्हणजे हल्लीच्या ट्रेन मॅनेजरच्या, हाताशी असतो. समजा, त्यावरून कुणी म्हणालं, ‘पुढे रुळांवर पाणी आहे. तुमचा खोळंबा झालाय, माफ करा. खाली उतरू नका, शेजारच्या रुळावर गाडी येऊ शकते. दहा मिनिटांनी पुन्हा सांगतो, नवं काही कळलं नसलं तरी.’ मग मात्र दहाव्या मिनिटाला बोलावंच लागेल. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.