कानातलं मशीन

नमस्कार, श्रोतेहो. आज मुलांच्या पुस्तकांविषयी बोलायचंय, पण आधी एका मुलीची गोष्ट सांगते.

सात वर्षांची असेल. वाचनाच्या तासाला कायम पुढे, अगदी माझ्या गुडघ्याला टेकून बसायची. तिला माझे ओठ दिसायला हवे असत, हे मला फार उशिरा कळलं. कानामागे श्रवणयंत्र, आणि त्यावर सारखे केस ओढून घ्यायची सवय. त्या दिवशी मी हरवलेलं मांजर शोधणाऱ्या मुलीची गोष्ट वाचत होते. चित्रातल्या मुलीच्या कानामागेही तसंच यंत्र होतं, निळं. गोष्टीत त्याबद्दल एक अक्षर नाही. मांजर शोधायचं होतं, बस्स.

चौथ्या पानावर हिनं माझं मनगट धरलं. “मावशी, थांब. मागचं पान काढ.” मी काढलं. तिनं बोट ठेवलं. “इथे मशीन डाव्या कानाला आहे, आणि तिथे उजव्या. चुकलंय.”

खरंच चुकलं होतं! मुलगी जिकडे वळेल तिकडचा, आपल्याला दिसणारा कान धरून चित्रकारानं यंत्र काढलं होतं. ते पुस्तक मी कितीदा वाचून दाखवलं असेल, मला कधी दिसलं नाही. मग काय, सगळी पोरं सरकत पुढे आली. पानापानावर कान तपासणं सुरू. “हा बरोबर!” “इथे केसांत लपलंय!” एकानं विचारलं, “तुझं कुठल्या कानाला?” तिनं केस मागे सारून दाखवलं. “बॅटरी संपली की?” “आधी पीं-पीं वाजतं. मग सगळं गप्प.” मांजर त्या दिवशी सापडलंच नाही.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1990 साली लिहून ठेवलंय, की पुस्तक हे आरसा असतं आणि खिडकीही. लक्षात ठेवा, आरसा आणि खिडकी. आरशात मूल स्वतःला बघतं, खिडकीतून दुसऱ्याला. त्या एका पानात तिला आरसा मिळाला, बाकीच्यांना खिडकी. अनेक मुलांना हा आरसा मिळतच नाही. 1965 साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेतली तीन वर्षांतली 5,206 बालपुस्तकं तपासली. त्यातल्या जेमतेम 349 पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय माणूस होतं.

पुस्तक निवडताना मी एवढंच बघते, की अडचणीतून वाट कोण काढतं? वेगळं दिसणारं, वेगळं बोलणारं, चाकाच्या खुर्चीतलं मूल स्वतः काढतं, की त्याची फक्त कीव केली जाते? शेवटी ‘सर्वांशी प्रेमाने वागावे’ असं तात्पर्य छापलेलं पुस्तक मला नकोसंच वाटतं. मुलं तिथे जांभई देतात. आणि पुस्तकं कुलपात ठेवू नका हो! कोरी करकरीत राहिलेली पुस्तकं बघून माझा जीव तुटतो. मळू देत, फाटू देत, चिकटपट्टी आहे घरात.

पुढच्या वाचनाला ती पेन्सिल घेऊनच आली. “दुरुस्त करू?” म्हणाली. पुस्तक माझंच होतं, मी दिलं. चुकलेल्या प्रत्येक पानावर तिनं निळं यंत्र खोडून त्यावर केस काढले, आणि एका पानावर, जिथे मुलगी समोर बघतेय, तिथे डाव्या कानामागे नवं यंत्र काढलं. जरा मोठंच झालंय ते.