अंगण वाकडं

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून नाचाबद्दल बोलायचं म्हणजे फोनवरून रांगोळी दाखवण्यातला प्रकार. पण आजचा नाच जरा वेगळा आहे. तो डोळ्यांनी शिकवत नाहीत, कानाने शिकवतात. तेव्हा आधी एक करून बघू या. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका. बाकीच्यांनी उभं राहा, हात मोकळे सोडा.

तुमच्या उजव्या हाताच्या पाठीवर एक किडा चालतोय. त्याला झटकायचं नाही. मानेच्या डाव्या बाजूने दुसरा पाठीवर उतरतोय. तिसरा उजव्या मांडीच्या आतल्या बाजूने वर चढतोय. चौथा डाव्या खांद्यावरून छातीकडे निघालाय. पाचवा कुठे आहे ते तुमचं तुम्ही ठरवा. आता हनुवटीखाली, कानामागे, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागे, कमरपट्ट्याच्या घडीत मिळून पाचशे. मग डोळ्यांभोवती, ओठांवर, कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत पाच हजार. मग केसांत. मग एकेका रंध्रातून आत, पार आतड्यांपर्यंत, तीस हजार.

आता उभं राहवतं का? नाही ना? पण उभं तर राहायचंय, आणि खाज सुटल्याचा अभिनय अजिबात करायचा नाही. बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की एक माणूस एका जागी उभा आहे आणि त्याचं शरीर त्याचं स्वतःचं राहिलेलं नाही.

हा जपानच्या ‘बुतो’ नावाच्या नाचातला एक प्रसिद्ध धडा आहे. बसवणारे तात्सुमी हिजिकाता. आपल्याकडे गाण्याची स्वरलिपी असते, तशी त्यांनी नाचाची लिपी केली, तिला म्हणतात ‘बुतो-फु’. तिच्यात पावलांच्या खुणा नाहीत की मात्रा नाहीत. आहेत ते नुसते शब्द: किडे, धूर, राख, रोगाने विरूपलेला चेहरा. शिवाय वह्यांमध्ये चिकटवलेली चित्रांची कात्रणं, त्यात फ्रान्सिस बेकन या चित्रकाराची माणसं. हिजिकाता शब्द बोलत जायचे आणि शिष्य त्या शब्दांखाली शरीर बदलत जायचे. हिजिकाता 1986 साली वारले. त्यांच्या वह्या आज टोकियोच्या केइओ विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत. युकिओ वागुरी नावाच्या शिष्याने तर त्या शब्दांची 1998 साली एक सीडी-रॉम काढली. नाचाचं घराणं सीडीवर!

हिजिकातांचा जन्म 1928 चा, ईशान्य जपानमधल्या अकिता प्रांतातला. बर्फाचा, भातशेतीचा, गरीब मुलूख. तिथली एक आठवण ते सांगत. शेतीच्या दिवसांत आईबाप लहान मुलांना गवताच्या विणलेल्या टोपलीत बसवून, कडेने कापड कोंबून, बांधावर ठेवून द्यायचे. दिवसभर. मुलं रडायची, आवाज वाऱ्यात विरायचा. संध्याकाळी टोपलीतून काढलं की पाय सरळच व्हायचे नाहीत, घडी पडलेली असायची. आपण म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं. हिजिकातांचं नेमकं उलट. अंगण वाकडं होतं, चिखलाचं होतं, पाय घडी पडलेले होते, आणि नाच तिथूनच निघाला. लांब सरळ पायांचा बॅले त्यांनी शिकून पाहिला होता. मग ते वाकलेले गुडघे, आत वळलेली पावलं, जमिनीकडे ओढलं जाणारं कंबरडं घेऊन मंचावर आले.

पहिला धमाका 24 मे 1959 चा. टोकियोतलं दाइइची सेइमेइ सभागृह, नव्या नर्तकांचा कार्यक्रम. हिजिकातांनी ‘किंजिकी’ नावाचा छोटासा नाच केला. जवळजवळ अंधार. सोबत योशितो ओनो नावाचा विशीतला पोरगा आणि एक जिवंत कोंबडी. त्या पोराच्या मांड्यांमध्ये कोंबडी घुसमटते, अंधारात धावण्याचे आणि धापांचे आवाज येतात, आणि संपतं. लोक हादरले. ज्या संस्थेचा तो कार्यक्रम होता, तिच्यातून हिजिकाता बाहेर पडले. पुढे या नाचाला नाव मिळालं ‘आंकोकु बुतो’, म्हणजे काळोखाचा नाच.

इथेच एक तक्रार करून टाकते. जगभर आता बुतोच्या कार्यशाळा होतात, आणि अंगाला पांढरा रंग फासला, डोकं तासलं, तोंड वाकडं केलं आणि मुंगीच्या पावलांनी चाललं की झालं बुतो, असा एक समज पसरलाय. मी असे पुष्कळ व्हिडिओ पाहिलेत. दहा मिनिटांत जांभई येते. दुसऱ्याच्या अंगणाचा वाकडेपणा उसना आणलेला असतो, दुसरं काय! जपानमधली नवी मुलं मला आवडतात ती यासाठी, की त्यांच्यातल्या चांगल्यांना हे कळलंय. अकिताचा चिखल त्यांनी पाहिलेला नाही. त्यांना स्वतःचा चिखल शोधावा लागतो.

ही मुलं घडतात कुठे? एक जागा म्हणजे ‘दाइराकुदाकान’ ही मंडळी. अकाजी मारो या नटाने 1972 साली काढलेली. मारो स्वतः हिजिकातांकडे राहिलेले. त्यांचं म्हणणं असं, की माणूस जन्माला आला हीच त्याची प्रतिभा. दुसरं सूत्र, एक माणूस म्हणजे एक घराणं. ते नुसतं बोलून थांबले नाहीत. टोकियोच्या किचिजोजी भागात ‘कोचूतेन’ नावाचा त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. कोचूतेन म्हणजे मडक्यातलं आभाळ. तिथे कंपनीतली धाकटी मंडळी स्वतःचे नाच बसवतात. मारो देखरेख करतात, पण नाच ज्याचा त्याचा. गुरू हयात आणि भरात असताना शिष्यांना आपल्याच घरात स्वतःची चूल मांडू देणं, हे आपल्या घराणेदार मंडळींनी ऐकावं म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि पोटापाण्याचं काय? त्यालाही परंपरा आहे. हिजिकातांचे नर्तक रात्री कॅबरेमध्ये अंगाला सोनेरी भुकटी लावून नाचायचे, तो पैसा नाचाच्या प्रयोगांना लागायचा. दाइराकुदाकानने ते सोनं सोडलेलं नाही. नागोयाच्या ओसू भागात शरद ऋतूत रस्त्यावरच्या कलाकारांची जत्रा भरते. तिथे देवळाच्या आवारात संध्याकाळी हे नर्तक जवळजवळ उघड्या अंगावर सोनं फासून, हातात पेटते पलिते घेऊन उतरतात. बघायला कोण? खांद्यावर पोरं घेतलेले बाप, खाऊच्या काड्या हातात धरलेल्या आज्या. काळोखाचा नाच म्हणून जो विद्यापीठांत अभ्यासतात, तो इथे जत्रेतला खेळ आहे. तमाशाचा फड पाहिलेल्या माणसाला यात काही विपरीत वाटणार नाही.

या कंपनीतून बाहेर पडलेला एक नर्तक म्हणजे पिजिन नेजी. त्याने पांढरा रंग पुसला आणि कोन्बिनीत नोकरी धरली. कोन्बिनी म्हणजे जपानमधलं चोवीस तास उघडं असलेलं कोपऱ्यावरचं दुकान. त्या नोकरीतूनच त्याने एक प्रयोग उभा केला. तुम्ही अशा दुकानात गेला असाल तर आठवा: दार उघडताच तोच स्वर, तेच वाकणं, सुटे पैसे दोन्ही हातांनी देणं, दिवसाला शेकडो वेळा. तिथेही शरीर स्वतःचं उरत नाही. किड्यांची संख्या तेवढी दुकानाचा मालक ठरवतो.

युकिओ सुझुकी दुसऱ्या वाटेने आला. 1997 साली तो हिजिकातांच्या जुन्या स्टुडिओत शिकायला गेला. तेव्हा हिजिकाता जाऊन अकरा वर्षं झाली होती, शाळा त्यांच्या पत्नी आकिको मोतोफुजी चालवत होत्या. म्हणजे गुरू नाही, गुरूचे शब्द आहेत. तिथून निघून त्याने स्वतःचा मोकळा, चपळ, पाण्यासारखा नाच घडवला, आणि 2008 साली नव्या नृत्यरचनाकारांसाठी असलेला टोयोटा पुरस्कार मिळवला. त्याच्या नाचात पांढरा रंग शोधायला जाल तर हात हलवत परत याल. पण एखादा हात उचलताना तो जणू कोणीतरी आतून उचलतंय असं वाटतं, तिथे ते शब्द दिसतात.

स्पर्धांचा विषय निघालाच आहे तर योकोहामाला जायला हवं. बंदरावर लाल विटांची दोन जुनी गोदामं आहेत, सीमाशुल्क खात्याची, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेली. 1923 च्या भूकंपात त्यांतलं एक अर्धं पडलं, उरलं ते तसंच ठेवलं. आज त्याच इमारतीत ‘योकोहामा डान्स कलेक्शन’ ही स्पर्धा भरते. 1996 साली फ्रान्समधल्या बान्योले स्पर्धेची जपानी चाचणी म्हणून ती सुरू झाली. नवख्यांसाठी वेगळा गट असतो, आणि फ्रेंच दूतावासाचा एक पुरस्कार मिळाला तर काही महिने फ्रान्समध्ये राहून काम करता येतं. फार भपका नाही. मंच काळा, दिवे मोजके, आणि हातात जेमतेम वीसेक मिनिटं.

आता माझ्या आवडीचं नाव सांगते, रेइसा शिमोजिमा. जन्म 1992, गाव दक्षिणेकडचं कागोशिमा, तिच्या कंपनीचं नाव ‘केदागोरो’. ही मुलगी जपानला आठवायला आवडत नाहीत त्या गोष्टी नेमक्या उचलते. डोंगरात लपून आपल्याच साथीदारांचे जीव घेणाऱ्या 1970 च्या दशकातल्या क्रांतिकारकांवर तिने नाच बसवला. आणि दुसरा काझुको फुकुदावर. ही बाई 1982 साली एका सहकारी बाईचा खून करून पळाली, शस्त्रक्रियेने चेहरा बदलला, नावं बदलली, गावं बदलली. त्या काळी खुनाच्या खटल्याला पंधरा वर्षांची मुदत होती. मुदत संपायला फक्त एकवीस दिवस उरले असताना, 1997 च्या जुलैमध्ये, बिअरच्या बाटलीवरच्या बोटांच्या ठशांनी तिला पकडून दिलं. चेहरा बदलता आला, बोटं नाही बदलता आली. शरीर आपल्याला कसं फितूर होतं, याचं याहून धडधडीत उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. शिमोजिमा याला बुतो म्हणत नाही. नका म्हणू. हिजिकातांनीही समाजाने दाराबाहेर काढलेल्यांनाच मंचावर आणलं होतं.

ओसाकाची ‘काँटॅक्ट गोंझो’ ही मंडळी तर बागेत एकमेकांना सरळ धक्के आणि थपडा मारतात. मारामारी म्हणावी तर राग नाही, नाच म्हणावा तर ताल नाही. 2006 पासून हे चाललंय. पाहताना आधी हसू येतं, मग एक चापट इतकी खरी बसते की आपण आपला गाल चाचपतो. त्यांच्याबद्दल बोलण्यापेक्षा त्यांना पाहणं बरं.

शेवटी पुन्हा जुन्या माणसाकडे येते. बुतोचे दुसरे मूळपुरुष काझुओ ओनो. जन्म 1906, मृत्यू 2010, म्हणजे एकशे तीन वर्षांचं आयुष्य. मुलींच्या शाळेत कवायतीचे मास्तर. तरुणपणी त्यांनी ला अर्हेन्तिना या स्पॅनिश नर्तकीचा नाच लांबच्या जागेवरून एकदा पाहिला होता, आणि तो जवळजवळ पन्नास वर्षं मनात धरून ठेवला. 1977 साली, एकाहत्तराव्या वर्षी, तिच्या आठवणीत ते नाचले. दिग्दर्शन हिजिकातांचं. सभागृह तेच, 1959 च्या कोंबडीवालं. सुरुवातीला ते प्रेक्षकांतच बसलेले होते, अंगात बाईचा झगा, डोक्यावर फुलांची टोपी. हळूच उठले.

या नाचाचं चित्रण आहे. ताकाओ कावागुची या नर्तकाने ओनोंना प्रत्यक्ष नाचताना कधीच पाहिलं नव्हतं. त्याने ती चित्रणं थांबवून थांबवून, मागे नेऊन, एकेक बोट, एकेक झोक, एकेक अडखळणं आपल्या अंगावर उतरवलं आणि 2013 साली मंचावर आणलं. साउंडट्रॅकसुद्धा जुन्या प्रयोगांचा, त्या वेळच्या टाळ्यांसकट. एकलव्याने निदान पुतळा केला होता, याच्याकडे पॉझचं बटण होतं. अनेकांनी नाकं मुरडली. बुतो आतून यायला हवा, बाहेरून नक्कल कसली करता, असं ते म्हणाले. मला मात्र वाटतं, की म्हाताऱ्या माणसाचा तोल जाणं जसंच्या तसं उतरवायचं, तर आधी स्वतःचा तोल टाकावा लागतो. आत शिरायचा तोही एक दरवाजा आहे.

मीही एकदा प्रयत्न करून पाहिला. दिवाणखान्यात लॅपटॉप स्टुलावर ठेवला, ओनोंचा वर उचललेला हात पडद्यावर थांबवला आणि तसाच हात करून उभी राहिले. मनगट सैल, बोटं अर्धी मिटलेली, जणू ती कुणी दुसऱ्यानेच मिटली आहेत. दोन मिनिटं झाली, तीन झाली. खांदा भरून आला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली,

“काय गं, हाताला मुंग्या आल्या का?”

म्हटलं, “अजून एकच आलीय.”