हरण्याचं बाजलं

(दृश्य: दुपार. सोप्यातली फरशी. कुत्रा झोपेला आलेला.)

"आधी त्याला झोपू दे गा. मग मापं घेऊया," सुतारकाका म्हणाले आणि टेप खिशात घालून पायरीवर बसले.

उभ्या कुत्र्याचं माप बाजल्याच्या कामाचं नसतं. हरण्या उभा राहिला की खांद्यापाशी 27 इंच भरतो, पण झोपेत कधी मुटकुळं करतो, तर कधी भिंतीला पाय लावून अंग ताणून देतो. माप घ्यायचं ते ताणलेल्या अंगाचं. आम्ही पाऊण तास न बोलता बसलो. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत 40 इंच भरले. हातपाय पसरायला आणखी 8 धरले. लांबी 4 फूट, रुंदी अडीच फूट ठरली.

हरण्या मुधोळ जातीचा. खेड्यात या कुत्र्याला कारवानी म्हणतात. मुधोळ गाव आमच्या शेजारच्याच बागलकोट जिल्ह्यातलं. तिथल्या घोरपडे राजांनी ही जात जपली. 2005 साली तिचं चित्र टपाल तिकिटावर आलं, 2016 मध्ये लष्करानंही मुधोळची पिल्लं शिकवायला नेली. हे कुत्रं वाऱ्यासारखं पळतं, कारण अंगावर चरबी नावालाच आणि कातडी पातळ. पण तेच अंग फरशीवर टेकलं की हाड आणि दगड यांच्यामध्ये काही उरत नाही.

(दृश्य: डावं कोपर, अगदी जवळून.)

हे बघा. केस गेलेत, कातडी काळी पडून जाड झालीय, मधोमध बारीक भेग आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, घट्टा आहे, कठीण जागेवर झोपू देऊ नका, नाहीतर आत पाणी धरेल. खानापूर तालुक्यातल्या पावसात तर खाली टाकलेलं गोणपाटही दोन दिवसांत ओलं होऊन वास मारतं. जमिनीपासून वर उचललेली, खालून वारा खेळणारी जागा हवी होती, आणि ती मृगाच्या आधी हवी होती.

लाकूड विकत आणायचं ठरत होतं. तेवढ्यात आज्जा म्हणाला, "गव्हाण हाय की."

गोठ्यातली फणसाची गव्हाण. बैल विकून सहा वर्षं झाली, तेव्हापासून तिच्यात सरपण पडून होतं. फणसाचं लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही. शिवाय या गव्हाणीला कधी रंग लागला नव्हता, हे फार मोलाचं. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, आणि कुत्रं कड कुरतडल्याशिवाय राहत नाही. रंध्याचा पहिला हात फिरला तसा वरचा काळा थर निघाला आणि आतून हळदीसारखं पिवळं लाकूड दिसलं. आज्जा उठून जवळ आला, भुगा मुठीत घेऊन हुंगत राहिला.

एका फळीवर मात्र काकांनी रंधा चालवला नाही. गव्हाणीची ती वरची कड. बैलांच्या माना घासून घासून तिला खोलगट बाक आलेला, काचेसारखा गुळगुळीत. "ह्याच्यावर हत्यार लावू नये," एवढंच म्हणाले. ती फळी पुढच्या बाजूला आली.

चार खूर, 6 इंच उंचीचे, म्हणजे हरण्याला उडी मारावी लागत नाही. खुरांत भोकं पाडून चौकटीची टोकं ठोकून बसवली. वर 3 इंच रुंदीच्या 8 पट्ट्या, दोन पट्ट्यांत अर्ध्या इंचाची फट. फट याहून मोठी ठेवली तर पंजा अडकतो, पट्ट्या चिकटवल्या तर वारा खेळत नाही. 25 किलोचं जनावर आहे, म्हणून मधे एक आडवा आधार. पितळी स्क्रू, माथी लाकडात बुडवलेली. सगळ्या कडा गोल.

शेजारचे मामा म्हणाले, काजूच्या टरफलाचं तेल लावा, वाशांना लावतो तसं. काकांनी हातच जोडले. ते तेल वाळवीला चांगलं, पण कातडी जाळतं. आम्ही घाण्यावरचं जवसाचं तेल लावलं, तीन पातळ हात. हे तेल वाळायला आठवडे घेतं, म्हणून घाई मे महिन्यातच केली. तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकते. आमच्या चिंध्या तारेवर पसरून वाळवल्या. शेवटी खुरांखाली खानापुरी कौलांचे सपाट तुकडे सरकवले, ओल वर चढू नये म्हणून. वर आज्जीच्या दोन जुन्या लुगड्यांची वाकळ, चार पदरी, धुता येईल अशी.

आणि हरण्या? तीन रात्री तो बाजल्याच्या शेजारी फरशीवरच झोपला. आम्ही ओढून नेलं नाही. आज्जीनं तिचं रोजच्या वापरातलं धडपं वाकळेवर टाकलं. चौथ्या रात्री वळीव आला, सोप्यात पाणी शिंपडलं, आणि सकाळी बघतो तर तो वर.

(दृश्य: श्रावण. बाहेर पाऊस. तेच डावं कोपर.)

भेग मिटलीय. काळ्या कातडीच्या कडेनं, बोट फिरवलं की कळेल इतकं, बारीक लव आलीय.